अशील की गिऱ्हाईक?

वकिलाकडे जातो तो अशील आणि दुकानात जाते ते गिऱ्हाईक, असा भेद मराठी भाषेने आजवर पाळला आहे. तो केवळ शब्दांचा भेद नाही. गिऱ्हाइकाने माल पाहावा, भाव करावा, न पटल्यास पुढच्या दुकानी जावे. अशिलाला ही मोकळीक नसते. त्याला मालाची पारख नसते, अडचण मात्र असते आणि ती अडचण तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवतो. म्हणूनच गिऱ्हाइकाच्या मागे लागणे हा व्यापारात उद्योगीपणा समजला जातो आणि अशिलाच्या मागे लागणे हे वकिलीत गैरवर्तन ठरते. कर्जबाजारी माणसाच्या बाबतीत मात्र हा भेद झपाट्याने पुसला जात आहे.

कर्जाचे दोन-तीन हप्ते थकले की माणसाच्या घरी दोन प्रकारचे दूरध्वनी वाजू लागतात. पहिला वसुलीचा, दुसरा सुटकेचा. कर्ज निम्म्यावर आणून देऊ, नोटीस थांबवू, घर वाचवू, अशी आश्वासने या दुसऱ्या दूरध्वनीवरून दिली जातात. एकदा कोठे चौकशी केली, नाव आणि क्रमांक दिला, की त्या माणसाची नोंद संभाव्य ग्राहक म्हणून होते आणि त्याने होकार देईपर्यंत पाठपुरावा सुरू राहतो. पहिला फोन किती वेळात करावा, नकार आल्यास पुन्हा केव्हा करावा, कोणत्या भीतीवर बोट ठेवावे, याचे आता शास्त्र झाले आहे. अमेरिकेत नादारीची कामे करणाऱ्या वकिली पेढ्यांना ते शिकवणारे सल्लागार आहेत. आपल्याकडे त्याचा वापर ऋणमुक्तीचा सल्ला विकणाऱ्या संस्था करू लागल्या आहेत. हा प्रश्न धंद्यातील सभ्यतेपुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. संकटातील कर्जदारापर्यंत कायद्याची मदत वेळेवर पोहोचवणे ही जबाबदारी कोणाची, असा तो प्रश्न आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवावा हे स्वाभाविक आहे. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हापासून या शहरात घर घेणारा बहुतेक माणूस पगारदार, माथाडी, लहान व्यापारी किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील लहान कारखानदार राहिला आहे. त्याचे घर हप्त्यांवर उभे असते आणि धंदा निघाला तर तोही बहुधा त्याच घराच्या तारणावर उभा राहतो. बँकांच्या थकित कर्जांचे दावे चालवणाऱ्या मुंबईच्या तीन ऋणवसुली न्यायाधिकरणांपैकी तिसरे वाशीत, रेल्वे स्थानकाजवळ आहे. म्हणजे न्यायाचे दार या शहरातच आहे. ते किती दिवस उघडे असते, हे मात्र ज्याला त्याची गरज आहे त्याला ठाऊक नसते.

समजा, तुर्भ्याच्या एखाद्या लहान कारखानदाराने घर गहाण ठेवून खेळते भांडवल उचलले आणि मोठ्या कंपनीने त्याचे बिल अडकवल्यामुळे हप्ते थकले. नव्वद दिवसांनंतर त्याचे खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याचे चक्र सुरू होते. बँकेची मागणी नोटीस येते आणि रक्कम भरण्यास साठ दिवस मिळतात. या काळात कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. साठ दिवस संपले की कोणत्याही न्यायालयात न जाता बँक मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. त्या कारवाईविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची. दिवाणी न्यायालयाची वाट या कायद्याने बंद केलेली आहे. न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची मूळ अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात रद्द केली, म्हणून पहिले दार तरी गरिबाला खुले राहिले. तेथे हरल्यावर अपिलात जायचे तर रकमेचा निम्मा भाग, फार तर सवलत मिळून चौथा हिस्सा, आधी भरावा लागतो. घर वाचवू पाहणाऱ्याजवळ एवढी रोकड असती तर तो या चक्रात सापडलाच नसता.

शेवटची मुदत तर अधिकच कठोर आहे. पूर्वी लिलाव पुरा होईपर्यंत कर्ज फेडून मालमत्ता सोडवून घेण्याची आशा असे. २०१६ च्या दुरुस्तीने ती आशा लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापर्यंतच ठेवली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या खटल्यातील तारण भूखंड नवी मुंबईच्याच औद्योगिक वसाहतीतील होता. तो व्यवहार कोट्यवधींचा आणि पक्षकार समर्थ. पण तेथे सांगितलेला नियम कोपरखैरण्याच्या एका खोलीच्या घरालाही तितकाच लागू पडतो.

या तारखांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कर्जदाराच्या दृष्टीने पाठपुरावा ही क्षुल्लक बाब नाही. तुमची मुदत अमुक दिवशी संपते, तोपर्यंत अर्ज करा, एवढे एक वाक्य त्याला वेळेवर सांगणारा कोणी भेटला तर घर वाचण्याची शक्यता राहते. न भेटला तर खटला उभा राहण्यापूर्वीच निकाली निघतो. मग हे वाक्य त्याला सांगायचे कोणी?

वकिलाने आपण होऊन सांगायचे नाही, असा दंडक आहे. १९६१ च्या वकील कायद्याखाली भारतीय बार कौन्सिलने केलेल्या नियमांतील छत्तिसावा नियम परिपत्रक, जाहिरात, दलाल, व्यक्तिगत संपर्क अशा कोणत्याही मार्गाने काम मिळवण्यास मनाई करतो. २००८ साली त्यात बदल होऊन नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढीच माहिती संकेतस्थळावर देण्यास मुभा मिळाली. या दंडकामागे मुंबईचा अनुभव आहे. येथील फौजदारी न्यायालयाच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारावर अक्षरशः झडप घालीत, एकमेकांच्या हातून कागद ओढून घेत आणि फी पाडून काम मिळवीत. महाराष्ट्र बार कौन्सिलने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि १९७५ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा वर्तनाला व्यवसायात जागा नाही असे निःसंदिग्ध शब्दांत बजावले. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळांमार्फत गिऱ्हाइके मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्यास बार कौन्सिलला सांगितले, तेही याच परंपरेत.

हा नियम योग्य आहे. पण तो अपुरा आहे आणि त्याचा अपुरेपणा दुहेरी आहे. एक तर तो फक्त वकिलाला बांधतो. स्वतःला वकिली पेढी न म्हणवता कर्जतडजोडीचे सल्लागार म्हणवणाऱ्या कंपनीला तो लागू नाही, आणि अशा संस्थांना परवाना देणारा, त्यांच्या फीवर व वर्तनावर देखरेख करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. वसुली करणाऱ्याने सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. ते किती पाळले जाते हा वेगळा प्रश्न. निदान कागदावर नियम तरी आहे. सुटका विकणाऱ्याच्या फोनवर रिझर्व्ह बँकेचा तेवढाही अंकुश नाही. अशा संस्थांची एक रूढ पद्धत अशी, की कर्जदाराला हप्ते भरणे थांबवायला सांगायचे, ती रक्कम बाजूला साठवायला लावायची आणि पुढे केव्हातरी बँकेशी एकरकमी तडजोड करायची. दरम्यान व्याज चढते, दंड चढतो, तारण असेल तर साठ आणि पंचेचाळीस दिवसांची घड्याळे चालू राहतात. तडजोड झालीच तर तिचा शेरा पत-इतिहासात राहतो आणि पुढच्या कर्जाच्या आड येतो. फी मात्र त्यापूर्वीच वसूल झालेली असू शकते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने फोनवरून गिऱ्हाइके मिळवणाऱ्या अशा संस्थांना काम होण्यापूर्वी फी घेण्यास २०१० साली बंदी केली. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे सुचले ते समाजवादी प्रजासत्ताक म्हणवणाऱ्या देशाला अद्याप सुचू नये, हे खेदजनक आहे.

दुसरा अपुरेपणा अधिक खोल आहे. वकिलाने मागे लागू नये हे खरे. पण मागे न लागण्याने कर्जदाराला त्याची मुदत कळत नाही. या मुद्द्यावर बाजारवाद्यांचा युक्तिवाद प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात दोन तरुण वकिलांनी मध्यमवर्गीयांसाठी स्वस्त कायदे-केंद्र काढले आणि १९७६ साली वर्तमानपत्रात आपल्या फीची जाहिरात दिली. त्या दरपत्रकात व्यक्तिगत नादारीच्या अर्जाची फीही होती. त्यांच्यावर कारवाई झाली आणि १९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना जाहिरातीचा अधिकार दिला. जाहिरातबंदीचा खरा लाभ जुन्या, नावाजलेल्या वकिलांना होतो आणि खरा तोटा ज्याच्या ओळखीचा वकील नाही अशा सामान्य माणसाला होतो, हा तेथील मुद्दा सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु त्याच न्यायालयाने १९७८ साली, अपघातात जखमी झालेल्या तरुणीला रुग्णालयात गाठून वकीलपत्र मिळवणाऱ्याला झालेली शिक्षा कायम केली. दरपत्रक लावणे निराळे आणि विव्हळणाऱ्याची उशी गाठणे निराळे. कर्जाच्या नोटिशीने हादरलेला माणूस रुग्णालयातील त्या तरुणीच्या अधिक जवळचा आहे.

शिवाय अर्थशास्त्राची साधी कसोटी लावली तरी बाजाराचा पाठपुरावा कोणाच्या वाट्याला येतो ते दिसते. ज्याची फी माफ झालेल्या रकमेच्या टक्केवारीवर ठरते तो मोठ्या रकमेच्या मागे धावणार. पाच क्रेडिट कार्डांचे कर्ज असलेल्या अधिकाऱ्याला दहा वेळा फोन येतील. पतपेढीची गहाणवट सोडवता न आलेल्या विधवेला एकही येणार नाही. गरज जितकी तातडीची तितकी तिच्यातून मिळकत कमी आणि म्हणून पाठपुरावाही कमी. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये वैद्यकीय सेवेविषयी नेमके हेच दाखवले होते. जेथे आजार अधिक तेथे उपचार कमी आणि बाजाराचे वर्चस्व जितके जास्त तितका हा व्यस्तपणा तीव्र, असे त्यांचे प्रतिपादन होते. कायद्याच्या मदतीला ते तसेच्या तसे लागू पडते.

मदत विकणाऱ्यांची एवढी चलती का होते, याचेही कारण शोधले पाहिजे. ते असे की सामान्य माणसासाठी नादारीचा कार्यक्षम कायदाच नाही. दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली ती मोठा गाजावाजा करून. कंपन्यांचा भाग लागू झाला, न्यायाधिकरणे बसली. व्यक्तींसाठीचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्यामुळे बँकांना हमीदारांना गाठण्याची सोय झाली. बुडालेल्या सामान्य कर्जदाराची सोय मात्र संहितेच्या पानांतच अडकून पडली. त्या भागात अत्यल्प उत्पन्नाच्या माणसाला नव्याने सुरुवात करू देणारे एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि मालकीचे घर नाही, अशा माणसाला त्यात दिलासा मिळू शकतो. या मर्यादा आज हास्यास्पद वाटाव्यात इतक्या तोकड्या आहेत. पण तेवढेही लागू केलेले नाही. परिणामी ब्रिटिश अमदानीतील दोन जुने कायदे अद्याप चालू आहेत. खाडीपलीकडच्या मुंबईच्या माणसाने १९०९ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात जावे आणि अलीकडच्या वाशीच्या माणसाने १९२० च्या प्रांतिक कायद्याखाली जिल्ह्याच्या न्यायालयात. तेथे जाता येते, हे आज किती कर्जदारांना ठाऊक असेल?

महाराष्ट्राला मात्र कर्जदाराकडे पाठ फिरवण्याची परंपरा नाही. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या व कर्जरोखे जाळले. इंग्रज सरकारने दंगल मोडली, पण चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा केला. रोख्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून न राहता न्यायाधीशाने कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, खटल्यापूर्वी समेटकर्त्यापुढे जावे, अशी व्यवस्था त्यात होती. परकीय सत्तेने स्वतःच्या हितासाठी केलेला हा कायदा होता, तरी अडाणी ऋणको आणि लिहिणारा धनको हे न्यायाच्या तराजूत समान नसतात, एवढे त्याने मान्य केले. पुढे १९७५ साली महाराष्ट्राने ऋणमुक्तीचा वटहुकूम काढून लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर व कामगार यांची सावकारी कर्जे रद्द केली. सावकार न्यायालयात गेले आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तोही निकाल कृष्ण अय्यर यांचाच. वकिलाने अशिलाच्या मागे धावू नये म्हणणाऱ्या न्यायमूर्तींनीच राज्याने कर्जदाराच्या मदतीला धावावे याला मान्यता द्यावी, यात विसंगती नाही. एकाच विचाराच्या त्या दोन बाजू आहेत.

दरम्यान सावकार बदलला. आजचा धनको बँक आहे, वित्तसंस्था आहे. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात आलेल्या २१ अ या कलमाने, व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून बँकेचे कर्ज न्यायालयाने पुन्हा तपासू नये, असे ठरवले. म्हणजे १८७९ साली न्यायाधीशाला जे करता येत होते त्याला शंभर वर्षांनंतर स्वतंत्र भारतात मज्जाव झाला. सार्वजनिक ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून बँकेला संरक्षण हवे, हे मान्य करता येईल. पण एका पक्षाला असे संरक्षण दिल्यावर दुसऱ्या पक्षाला निदान जाणकार सोबत देणे हे राज्याचे कर्तव्य ठरते.

ही सोबत देण्याची चौकट अस्तित्वात आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९ अ हे कलम आले आणि मोफत कायदेसाहाय्य राज्याच्या धोरणाचे तत्त्व झाले. १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना त्याखाली उत्पन्नाची अट न पाहता वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची आहे. हा कायदा न्यायाधिकरणांनाही लागू आहे. म्हणजे रबाळ्याच्या कारखान्यातील कामगार किंवा घणसोलीची एखादी गृहिणी वाशीच्या न्यायाधिकरणात आजही फुकट वकील मागू शकते. पण मागावे लागते. आणि मागण्यासाठी आधी माहीत असावे लागते. व्यवहार असा दिसतो की बँकेची नोटीस रजिस्टर डाकेने घरी येते, भिंतीवर चिकटते, दोन वर्तमानपत्रांत नाव-पत्ता आणि रकमेसह छापून येते; अब्रूचा पंचनामा पुरा होतो. ज्याला गिऱ्हाइके हवीत त्याला ही यादी आयती मिळते. जे प्राधिकरण मदतीसाठीच नेमले आहे ते मात्र ही यादी उघडून पाहत नाही, दाराशी कोणी येण्याची वाट पाहत बसते.

उपाय अवघड नाहीत. सरफेसी कायद्याखालील प्रत्येक नोटिशीच्या पहिल्याच पानावर, सोप्या मराठीत आणि ठळक अक्षरांत, हरकतीची व अर्जाची शेवटची तारीख आणि विधिसेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक छापणे बँकांना सक्तीचे करावे. नोटिशीची प्रत त्याच दिवशी जिल्हा प्राधिकरणाला जावी. वाशी-बेलापूरची ठाण्याला, खारघर-पनवेलची रायगडला. तेथून प्रशिक्षित कार्यकर्त्याने कर्जदाराशी संपर्क साधावा, न्यायाधिकरणाच्या आवारात कायमचा साहाय्य-कक्ष असावा. ज्याने स्वतः चौकशी केली त्याला वकिलाने जरूर उलट फोन करावा. मात्र पहिल्याच संभाषणात त्याची मुदत लेखी कळवावी, मग त्याने वकीलपत्र दिले वा न दिले. न विचारणाऱ्याच्या मागे लागण्यावरची बंदी सल्लागार कंपन्यांनाही लागू व्हावी आणि काम होण्यापूर्वी फी घेणे हा गुन्हा ठरावा. व्यक्तिगत नादारीचा भाग, त्यातील मर्यादा वाढवून, केंद्राने विनाविलंब लागू करावा.

यासाठी शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. माथाडींच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या आणि औद्योगिक कामगारांच्या संघटना या शहरात आहेत. युनियनच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ कर्जाच्या नोटिशी वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवली, तारखा वहीत उतरवल्या आणि तारीख जवळ येताच त्या सभासदाच्या घरी निरोप धाडला, तरी पुष्कळ घरे वाचतील. कामगाराला जो पाठपुरावा आज विकत घ्यावा लागतो तो त्याचाच साथी त्याच्यासाठी करू शकतो. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यात पुढाकार घेतला तर तो विशेष मोलाचा ठरेल; नोटीस कशी वाचायची हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?